नर्सने विद्यापीठात का जावे?

रुग्णालयातील शिक्षण पुरे करून, हाती प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली एखादी परिचारिका जेव्हा घरी सांगते की, मला अजून शिकायचे आहे, सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायची आहे, तेव्हा वडीलधाऱ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नोकरी आहे, पगार आहे, आता आणखी काय शिकायचे राहिले?" प्रश्न मायेपोटी विचारलेला असतो, म्हणून त्याला उद्धट उत्तर देता येत नाही. परंतु श्रोतेहो, हाच प्रश्न केवळ आईबापांनी नव्हे, तर मोठमोठ्या डॉक्टरांनी, रुग्णालयांच्या विश्वस्तांनी आणि विद्यापीठांच्या धुरीणांनीही विचारलेला आहे. तो ज्या काळी सर्वांत जोराने विचारला गेला आणि ज्या ठिकाणी त्याला कृतीने उत्तर मिळाले, तो काळ म्हणजे १८९३ ते १९३४ आणि ते ठिकाण म्हणजे मुख्यतः न्यूयॉर्क शहर. आज त्या इतिहासाकडे आपल्याला पाहावयाचे आहे. अमेरिकेचा इतिहास वसंत व्याख्यानात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर शेवटी येईल, कारण या कथेचा एक धागा नाशिकपर्यंत पोचलेला आहे.

प्रथम त्या काळचे परिचारिकेचे शिक्षण कसे होते ते पाहू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा काढली, तेव्हा तिच्या पाठीशी लोकवर्गणीचा स्वतंत्र निधी होता. १८७३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन येथे त्याच धर्तीवर शाळा निघाल्या. परंतु नाव नाइटिंगेलबाईंचे आणि हिशेब रुग्णालयाचा, असा प्रकार लवकरच झाला. विद्यार्थिनी म्हणजे बिनपगारी अथवा नाममात्र पगाराची कामकरीण. दिवसभर वॉर्डात राबायचे आणि रात्री डोळ्यांवर झोप असताना व्याख्यान ऐकायचे. शिक्षण संपताच रुग्णालय तिला निरोप देई, कारण तिच्या जागी नवी विद्यार्थिनी फुकट मिळत असे. मग उत्तीर्ण झालेली परिचारिका श्रीमंतांच्या घरी खाजगी शुश्रूषेला जाई, आणि गरिबांच्या वॉर्डात पुन्हा शिकाऊ मुलीच राहत. ज्याला आपण शिक्षण म्हणतो ते वास्तविक मजुरीचे दुसरे नाव होते. पदवीचा प्रश्न इतकी वर्षे का उद्भवला नाही याचे खरे कारण मला तरी या हिशेबात दिसते. विद्यार्थिनी विद्यापीठात गेली तर वॉर्ड कोण झाडणार?

अशाच एका शाळेतून, न्यूयॉर्क हॉस्पिटलमधून, १८९१ साली लिलियन वॉल्ड नावाची तरुणी उत्तीर्ण झाली. तिला पुढे शिकायचे होते, म्हणून तिने स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. डॉक्टर व्हावयाचे, हा सरळ मार्ग होता. शिकत असताना ती शहराच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत, पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासित बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे देई. १८९३ च्या मार्च महिन्यात एके दिवशी वर्ग चालू असताना एक लहान मुलगी तिला बोलवायला आली. तिची आई आजारी होती. मुलीच्या मागोमाग वॉल्डबाई मोडक्या रस्त्यांवरून आणि घाणीच्या ढिगाऱ्यांवरून एका चाळीत गेल्या. दोन खोल्या, त्यांत सात माणसांचे कुटुंब आणि वर भाड्याने ठेवलेले पोटभाडेकरू. एका कोपऱ्यात दोन दिवसांची बाळंतीण रक्तस्रावाने अर्धमेली होऊन मळक्या अंथरुणावर पडलेली. वॉल्डबाईंनी तिला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, खोली झाडली. त्या दिवसानंतर त्या वैद्यकीय महाविद्यालयात परत गेल्या नाहीत. मेरी ब्रूस्टर या सहकारिणीबरोबर त्याच वस्तीत राहावयास गेल्या आणि १८९५ पासून हेन्री स्ट्रीटवरील २६५ क्रमांकाच्या घरात त्यांची संस्था नांदू लागली. 'सार्वजनिक आरोग्य परिचारिका' हा शब्दप्रयोग त्यांनीच रूढ केला. परिचारिकेने जावयाचे ते कोणाच्या तरी मेहेरबानीखातर नव्हे, तर आजाऱ्याने स्वतः बोलावले म्हणून, आणि ज्याला शक्य असेल त्याने थोडीशी फी द्यावी म्हणजे त्याला धर्मादायाचा कमीपणा वाटणार नाही, असा त्यांचा नेम होता.

योगायोग असा की, त्याच १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या परिषदेत वृद्ध नाइटिंगेलबाईंचा एक निबंध वाचला गेला. आजाऱ्याची शुश्रूषा ही एक कला, आणि निरोगी माणसाचे आरोग्य राखणे ही दुसरी, तितकीच मोठी, असा भेद त्यांनी त्यात स्पष्ट केला होता. पहिली रुग्णालयात शिकता येते. दुसरी कोठे शिकावयाची?

येथे क्षणभर पुण्याकडे वळू. चारच वर्षांनी, १८९७ साली, पुण्यात प्लेगने थैमान घातले. रँडच्या प्लेग समितीने घरोघर झडत्या घेण्यास गोरे सोल्जर धाडले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, आणि त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळीबाराने झाला, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. सरकारही घरात शिरले आणि सावित्रीबाईही रोग्यापाशी गेल्या. फरक कोठे होता हे फोड करून सांगावयास नको. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याचे हातही काही अगदी मऊ होते असे नाही. निर्वासितांच्या वस्तीत आरोग्य अधिकारी आला की माता मुले लपवीत. परंतु तेथे त्या अधिकाऱ्याच्या आधी किंवा मागून हेन्री स्ट्रीटची परिचारिका पिशवी घेऊन येत असे आणि तिला दार उघडले जाई. सार्वजनिक आरोग्याचे अर्धे शास्त्र हे दार कसे उघडते यातच आहे, असे मला वाटते.

दार उघडल्याने काय होते याचा आकड्यांनी पुरावा १९०२ साली मिळाला. न्यूयॉर्कच्या शाळांतून डॉक्टर मुलांची तपासणी करीत आणि खुपरी, नायटा, उवा असे काही आढळले की मुलाला घरी धाडीत. घरी उपचार करणारे कोणी नसे. मूल रस्त्यावर हिंडे, आणि शाळा सुटली की त्याच सोबत्यांबरोबर खेळे. म्हणजे संसर्ग टळत नसे, फक्त शिक्षण बुडे. वॉल्डबाईंनी लीना रॉजर्स ही आपली एक परिचारिका चार शाळांसाठी एक महिना उसनी दिली. ती शाळेतच मलमपट्टी करी, संध्याकाळी घरी जाऊन आईला औषध कसे लावावे ते दाखवी. महिनाभरातच नगरपालिकेने आणखी परिचारिका नेमल्या. १९०२ च्या सप्टेंबरात आजारापायी घरी धाडलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. १९०३ च्या सप्टेंबरात ती १,१०१ वर आली. औषध नवे नव्हते आणि डॉक्टरही तेच होते. बदलले होते ते एवढेच की शाळा, दवाखाना आणि घर यांच्यामध्ये आता एक चालते बोलते माणूस होते.

मग मागणी वाढली. १९०९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने, वॉल्डबाईंच्या सूचनेवरून, आपल्या कामगार विमेदारांकडे परिचारिका पाठविण्यास प्रारंभ केला. यात परोपकार होता तसा हिशेबही होता. विमेदार जितका उशिरा मरेल तितके कंपनीचे बरे! ही सेवा १९५३ पर्यंत चालली. १९१३ साली एकट्या हेन्री स्ट्रीटकडे ९२ परिचारिका होत्या आणि त्या वर्षाला दोन लाख भेटी देत.

परंतु या परिचारिका घडवायच्या कोठे? रुग्णालयात रोगी पडून असतो. त्याचे जेवण कोठून येते, खोलीचे भाडे किती, शेजारी कोणाला खोकला आहे, हे वॉर्डातील परिचारिकेला कळावयाचे कारण नसते. शिवाय तेथे रोग्याने तिचे ऐकलेच पाहिजे. घरी उलट. तेथे ती पाहुणी आणि बाळंतीण घरधनीण. वॉर्डात निष्णात ठरलेली परिचारिका चाळीच्या जिन्यावर पहिल्या दिवशी गोंधळून जाई, ती यामुळे. क्षयाचा रोगी खोकतो आहे आणि त्याच खोलीत कुटुंब कपडे शिवून पोट भरते आहे. त्याला विश्रांती घे म्हणून सांगणे सोपे, पण भाडे कोण भरणार? तिला घरभाड्याचा आणि अन्नाचा हिशेब कळला पाहिजे, कारखान्यांचे आणि घरांचे कायदे कळले पाहिजेत, जन्ममृत्यूची आकडेवारी वाचता आली पाहिजे, दुधात आणि पाण्यात रोग कसा शिरतो हे ठाऊक पाहिजे, आणि यापेक्षाही अवघड म्हणजे परक्या भाषेच्या, परक्या चालीरीतींच्या आईला तिचा अपमान न करता शिकवता आले पाहिजे. यातले एकही बिनपगारी वॉर्डकामात शिकता येत नाही.

ही उणीव ओळखली ती मेरी ॲडलेड नटिंग या बाईंनी. त्या मूळच्या कॅनडातल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या परिचारिका शाळेच्या पहिल्या तुकडीत १८९१ साली उत्तीर्ण झाल्या आणि पुढे त्याच शाळेच्या प्रमुख झाल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या टीचर्स कॉलेजात परिचारिकांसाठी १८९९ साली एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला होता. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती, तर दोन! १९०७ साली नटिंगबाई तेथे प्राध्यापक झाल्या. परिचारिका विद्यापीठात प्राध्यापक होण्याचा जगातला हा पहिला प्रसंग. १९१० साली हेलन हार्टली जेन्किन्स या धनिक बाईंनी, वॉल्डबाईंच्या सांगण्यावरून, मोठी देणगी दिली आणि तेथे परिचर्या व आरोग्य यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. सकाळी विद्यापीठात वर्ग आणि नंतर हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकेबरोबर जिने चढणे, अशी तेथली शिकवण. पुस्तक आणि पायपीट यांची ही जोडी त्या विभागाचा प्राण होता. त्यांतले एक सोडले की दुसरे व्यर्थ.

विरोध झाला, आणि तो जोरदार झाला. "जास्त शिकलेली परिचारिका" हा डॉक्टरांच्या सभांत थट्टेचा विषय होता. ती डॉक्टरला सल्ला देऊ लागेल, वॉर्डात हात घाण करणार नाही, पगार वाढवून मागेल. शेवटचे भाकीत तेवढे खरे ठरले, आणि ठरावयासच हवे होते. विद्यापीठांची वृत्तीही फारशी निराळी नव्हती. १९१५ साली वेल्च आणि रोझ यांनी रॉकफेलर संस्थेसाठी सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयाची जी योजना आखली आणि जिच्यातून जॉन्स हॉपकिन्सचे प्रसिद्ध विद्यालय १९१६ साली स्थापन झाले, तिचा भर प्रयोगशाळांवर आणि अधिकारी घडवण्यावर होता. दारोदार जाणारी परिचारिका त्या चित्रात कडेला होती. शास्त्र मोठे झाले, आणि ज्या हातांनी ते चाळीत पोचायचे त्या हातांची व्यवस्था मागे राहिली.

ती व्यवस्था पाहण्यासाठी पहिल्या महायुद्धानंतर रॉकफेलर संस्थेच्याच पैशाने एक समिती नेमली गेली. अध्यक्ष येल विद्यापीठाचे प्राध्यापक विन्स्लो. पाहणीचे काम जोसेफिन गोल्डमार्क यांचे. या गोल्डमार्कबाई परिचारिका नव्हत्या. कामगार स्त्रियांचे तास आणि त्यांचा थकवा यांवर त्यांनी आधी काम केले होते, आणि म्हणूनच त्यांना परिचारिकांच्या शाळांत शिक्षणाऐवजी थकवा दिसला. त्यांचा अहवाल १९२३ साली निघाला. त्यात नेमके असे म्हटले आहे की, कुटुंबाला आरोग्य शिकविणारी आणि रोग्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी, आणि तिने रुग्णालयातील मूळ शिक्षणानंतर सार्वजनिक आरोग्याचा, वर्ग व क्षेत्रकार्य दोन्ही असलेला, पुढचा अभ्यासक्रम पुरा केलेला असावा. त्याच वर्षी येल विद्यापीठात परिचारिका विद्यालय निघाले आणि ॲनी गुडरिच तिच्या अधिष्ठाता झाल्या. १९३४ पासून तेथे प्रवेशालाच पदवी लागू लागली आणि उत्तीर्ण होणारीस पदव्युत्तर पदवी मिळू लागली. चाळीस वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

पण कोणासाठी? विद्यापीठाचे दार उघडले तरी सर्वांना ते सारखे उघडले नव्हते. दक्षिणेतील बहुतेक शाळा कृष्णवर्णीय मुलींना घेत नसत. एस्टेल मॅसी ऑस्बोर्न या कृष्णवर्णीय परिचारिकेने एका शिष्यवृत्तीच्या आधारे टीचर्स कॉलेजातून १९३१ साली पदव्युत्तर पदवी मिळविली. आपल्या समाजातील ती पहिलीच. नटिंगबाईंनी घातलेली वाट इतकी अरुंद होती हे विसरून त्या वाटेचे कौतुक करणे बरोबर होणार नाही.

आता एका परिचारिकेची निवड जरा जवळून पाहू, म्हणजे या पदवीने एका आयुष्यात काय केले ते दिसेल. मेरी ब्रेकिनरिज १८८१ साली जन्मल्या त्या बड्या घरात. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. पहिला नवरा लवकर वारला, म्हणून त्या परिचर्येकडे वळल्या आणि १९१० साली न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक रुग्णालयातून उत्तीर्ण झाल्या. दुसरे लग्न केले. मुलगी १९१६ साली जन्मल्यावर काही तासांतच गेली, मुलगा १९१८ साली चार वर्षांचा होऊन गेला. ते लग्नही मोडले. महायुद्धानंतर उद्ध्वस्त फ्रान्समध्ये त्यांनी बालके आणि गर्भवती यांच्यासाठी काम केले, आणि तेथे परिचारिकाही व सुईणही असलेल्या बाया पाहिल्या.

इतका अनुभव गाठीशी असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईंना शिकायचे काय उरले होते? त्या १९२२ साली टीचर्स कॉलेजात सार्वजनिक आरोग्य परिचर्या शिकावयास बसल्या. १९२३ च्या उन्हाळ्यात त्या केंटकीच्या डोंगरात घोड्यावरून हिंडल्या आणि तीन परगण्यांतील ५३ सुईणींना भेटून त्यांनी टिपणे केली: वय किती, बाळंतपणे किती, हात कशाने धुता. ही पाहणी म्हणजेच विद्यापीठाची देणगी. दुःख माणसाला डोंगरात नेईल. पण तेथे जाऊन प्रथम मोजावे, मग बोलावे, हे दुःख शिकवत नाही. पाहणीत एक गोष्ट उघड झाली: डोंगरात पुरतील इतके डॉक्टर कधीच येणार नाहीत, आणि नुसती परिचारिकाही पुरणार नाही; परिचारिकाच सुईण असली पाहिजे. अमेरिकेत असे शिक्षण नव्हते. म्हणून त्या लंडनला जाऊन सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील सरकारी आरोग्यसेवाही पाहून आल्या. १९२५ साली त्यांनी जी संस्था काढली तिचे नाव पुढे फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस झाले. तिच्या परिचारिका घोड्यावरून, नद्या ओलांडीत, बाळंतपणाला जात. नोंदी काटेकोर ठेवल्या जात आणि त्या तपासण्याचे काम मेट्रोपॉलिटन विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्याकडे सोपविले होते. पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशेब १९३२ साली झाला तेव्हा तेथील मातांचे मृत्यू साऱ्या देशाच्या मानाने कितीतरी कमी भरले. बाईंच्या मनाला एक कुरूप कोपराही होता. डोंगरातील गोऱ्या वंशाच्या 'शुद्ध' रक्ताचे त्यांना वेड होते आणि कृष्णवर्णीय परिचारिकांना त्यांनी आपल्या संस्थेत जागा दिली नाही. हेही त्याच हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले पाहिजे.

आता नाशिकचा धागा. आपल्याकडे परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे पहिले कष्ट रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने घेतले. १९०९ साली निघालेल्या या संस्थेने, विधवांसकट, मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास धाडले. ब्राह्मण घरातील बाईने परक्याचे मलमूत्र काढावे ही त्या काळी केवढी खळबळजनक गोष्ट होती! दिल्लीत १९१८ साली आरोग्यभेट घेणाऱ्या बायकांची, म्हणजे हेल्थ व्हिजिटरांची, शाळा निघाली. कलकत्त्यास १९३२ साली रॉकफेलर संस्थेच्याच पैशाने अखिल भारतीय आरोग्यशास्त्र संस्था उघडली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यास एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे गृहस्थ नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. डॉक्टर नव्हेत, मुलकी अधिकारी. कदाचित म्हणूनच त्यांच्या अहवालाला हिशेबाची नजर आहे.

१९४६ च्या त्या अहवालातले आकडे असे: ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, ६०,००० लोकांमागे एक सुईण, आणि चार लाख लोकांमागे एक हेल्थ व्हिजिटर. म्हणजे परिचारिकांपेक्षा डॉक्टर कितीतरी जास्त. शेंडा जड आणि बुंधा बारीक असे झाड. त्याच साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येच्या पदवीचे शिक्षण सुरू झाले. दिल्लीस १९५९ साली पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९७ साली सुरू झाली, आणि आता अनेक विद्यापीठांत डॉक्टरांच्या शेजारी परिचारिकाही त्या वर्गात बसतात.

तेव्हा घरच्या वडील मंडळींच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर सोपे आहे: शिकायचे पुष्कळ राहिले आहे. दुसरे अर्धे कठीण, कारण शिकून ती बसणार कोठे हा त्यांचा खरा प्रश्न असतो, आणि तो चुकीचा नाही. भोर समितीने चाळीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जी माणसे मागितली होती ती यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार शिकविलेल्या दाया, आणि मग इतर. खाटेशी एक आणि गावात चार! १९५२ च्या गांधी जयंतीला समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्या आश्रयाने केंद्रे उघडू लागली, तेव्हा त्यांच्या वाट्याला चाळीस हजारांहून कितीतरी मोठी वस्ती आली आणि माणसे मात्र त्या यादीहून कितीतरी कमी. इमारत उभी राहिली, पाटी लागली, डॉक्टरची खुर्ची मांडली गेली. त्या चार जागा भरल्या गेल्या नाहीत.